आबांचं दालन

भातं कापायला लागली की रोह्याची हवा बदलते. केमिकल कंपन्यांच्या बाजूनं येणारा वास नेहमीचाच असतो, पण कुंडलिका नदीच्या पुलावर आलं की त्यात दुसराच एक वास घुसतो. कोरडा, थोडा गोडसर, नाकात हुळहुळणारा. ताज्या पेंढ्याचा. काल शाळेतून परतताना मी पुलापलीकडे स्कूटर बाजूला घेतली आणि नुसती उभी राहिले. ओळखीच्या एक बाई जाता जाता विचारून गेल्या, "पेट्रोल संपलं काय, बाई?" मी म्हटलं, "नाय, अशीच थांबलेय." त्यांना ते पटलं नसावं, कारण दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी.

घरी येऊन गावी, गडबला, फोन लावला. फोन आईनं उचलला आणि बोलायला लागले आबा. आमच्याकडे हल्ली असंच होतं. कापणी कुठवर आली ते आई सांगते, आबा मागून तिला दुरुस्त करतात, ती त्यांना गप्प करते, आणि मला दोघांचंही अर्धंमुर्धंच ऐकू येतं. फोन ठेवल्यावर मला ती कापणी आठवली, मी बारावीला होते तेव्हाची. त्या कापणीआधी हे दोघं एका छपराखाली सलग चार दिवस कधी राहिलेच नव्हते.

आबा मुंबईत एका संग्रहालयात कामाला होते. आधुनिक चित्रांचं, शिल्पांचं मोठं संग्रहालय. एका दालनात स्टुलावर बसायचं आणि कुणी चित्राला हात लावत नाही ना, एवढं बघायचं. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. प्राथमिक शाळेत बाईंनी विचारलं की मी सांगायचे, "माझे वडील चित्रं राखतात." सगळा वर्ग हसायचा. आमच्याकडे राखण असते ती शेताची, रानडुकरांपासून, माकडांपासून. चित्रांवर कोण धाड घालतं, ते मलाही सांगता यायचं नाही.

संग्रहालय सोमवारी बंद. त्यामुळे आबा पंधरा दिवसांतून एकदा रविवारी संध्याकाळच्या एस.टी.नं निघायचे, सोमवार घरी काढायचे आणि मंगळवारी उजाडायच्या आधी नाक्यावर जाऊन पहिली गाडी पकडायचे. गणपतीचा दीड दिवस आणि शिमग्याचा एक, तेवढेच काय ते जास्तीचे. जगाचा रविवार आमच्याकडे सोमवारी यायचा, आणि त्या दिवशी मला शाळा असायची. मी पाच वाजता धावत घरी यायचे तेव्हा आबा ओटीवर बसलेले असायचे. नुसते बसलेले. आई त्यांना हलूच द्यायची नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. दुपारच्या जेवणात मासळी, अंडं, जे काही घरात चांगलं असेल ते त्यांच्या ताटात. त्यांनी कोयता उचलला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. दमून आलायत, बसा."

आईला आबांची फार कीव यायची. आमच्या सुमनकाकीचं घर शेजारीच. तिच्याजवळ आई बोलायची ते मी ऐकलेलं आहे. "बिचारा मानूस. परळला एका खोलीत बारा जन निजतात, कुशीवर वळायचं तर दुसऱ्याला सांगावं लागतं. आनि दिसभर भिंतीकडं बघायचं. आमाला निदान वारा तरी लागतो गो." त्यामुळे घरातली कुठलीही अडचण ती आबांच्या कानावर घालत नसे. बैल आजारी पडला, बांध फुटला, तिचं बोट मोडलं, सगळं सोमवारच्या आत निस्तरलं जायचं. निस्तरलं नाही तर झाकलं जायचं.

आबांची तऱ्हा वेगळी नव्हती. ते येताना तिच्या भेगाळलेल्या टाचांसाठी मलम आणायचे आणि ती चुलीपाशी वावरत असताना तिच्या पायांकडे बघत राहायचे. मुंबईबद्दल विचारलं तर म्हणायचे, "काय सांगायचं, चाललंय." चित्रांबद्दल तर अवाक्षर नाही. मला लहानपणी वाटायचं, नवराबायकोनं एकमेकांशी असंच हळू आवाजात बोलायचं असतं. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

त्या वर्षी दसरा उलटला तरी पाऊस गेला नाही. भात उभ्याचं आडवं झालं, खाचरात पाणी साचलं, आणि कापणी थेट आबांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्याला येऊन भिडली. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्याआधीच्या एका सोमवारी जेवण झाल्यावर त्यांनी हात पुसत पुसत विचारलं, "या रविवारी याल काय दोघी? माझा शेवटचा दिवस हाय. एकदा बघून घेतलं असतंत."

आई म्हणाली, "कापलेलं भात खाचरात पडलंय, आनि मी मुंबयला चित्रं बघायला जाऊ?"

आबांनी पुन्हा विचारलं नाही. ते ओटीवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि बहुधा तिलाही आठवलं नसावं, कारण भांडी घासता घासता तिचा हात दोनतीनदा थांबला. शेवटी गुंता सोडवला तो सुमनकाकीनं. "जा गो," ती म्हणाली, "भारे आमी बांधतो. येका दिवसात तुझं भात काय पळून जात नाय."

रविवारी पहाटे आईनं पंधरा-वीस भाकऱ्या भाजल्या, सुकटीची चटणी केली, आणि सगळं फडक्यात बांधून आम्ही नाक्यावर उभ्या राहिलो. पनवेल येईपर्यंत ती खिडकीतून लोकांची शेतं बघत होती. कुणाचं कापून झालंय, कुणाचं अजून उभं आहे. पनवेलनंतर शेतं संपली आणि ती मांडीवरचं बोचकं घट्ट धरून बसली.

आबा बस थांब्यावर घ्यायला आले होते. अंगावर राखाडी गणवेश, इस्त्री केलेला, छातीवर नावाची पट्टी. तो गणवेश ते कधी गावी आणत नसत. आईनं त्यांना आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि पदर सावरला, एखाद्या साहेबापुढे सावरावा तसा.

संग्रहालयात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो गारवा. पांढऱ्या उंच भिंती, पायाखाली तुळतुळीत फरशी, आणि आपलीच पावलं आपल्याला ऐकू येतील अशी शांतता. आबा पुढे चालत होते. घरी ओटीवर पाय जवळ घेऊन बसणारा माणूस इथं खांदे मागे टाकून चालत होता. एका जिन्यापाशी त्यांनी एका परदेशी जोडप्याला हातानंच वाट दाखवली, आणि ती दोघं त्यांना मान लववून गेली. मी आईकडे बघितलं. तीही तेच बघत होती.

त्यांचं दालन दुसऱ्या मजल्यावर होतं. आत सातआठ चित्रं आणि समोरच्या भिंतीवर एकच मोठं, दोन दारं शेजारी शेजारी लावावीत एवढं. सगळं तांबूस, कुठे विटकरी, कुठे वाळलेल्या रक्तासारखं, आणि उजवीकडून वरून खाली उतरणारी एक बारीक पांढरी रेघ. माणूस नाही, झाड नाही, काहीच नाही. आई जवळ गेली आणि तो रंग ओला आहे की काय हे बघावं तसा तिनं हात पुढे केला.

"हात लावू नको," आबा म्हणाले.

आवाज चढवला नव्हता त्यांनी. पण आईशी त्या सुरात ते कधी बोलले नव्हते. आपल्या जागेत उभा असलेला माणूस बोलतो तो सूर. आईनं हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

मग आबा बोलायला लागले. त्या तासाभरात ते जेवढं बोलले तेवढं माझ्या आख्ख्या लहानपणात बोलले नसतील. सकाळी अकराला वरच्या खिडकीतून उजेड येतो तेव्हा ती पांढरी रेघ पिवळसर होते, आणि पावसाळ्यात निळी. काही माणसं दारातून बघून निघून जातात. एक बाई दर दोनतीन महिन्यांनी यायची, चित्रापुढे उभी राहून रडायची. आबा तेवढा वेळ स्टूल फिरवून दुसरीकडे तोंड करून बसायचे. त्यांनी आम्हाला खाली वाकायला लावलं. "ही रेघ बघा. खालपर्यंत येत नाय. चार बोटं आधीच थांबते. पाच वर्सं मला वाटायचं, काढणाऱ्याकडून राहून गेलीय. मग वाटायला लागलं, तिला तिथंच थांबायचं होतं."

आई वाकून बघत होती. सरळ होत तिनं विचारलं, "ह्यात तुमाला आपलं शेत दिसायचं काय?"

मला तिचा चेहरा अजून दिसतो. तिला 'व्हय' ऐकायचं होतं. आबांनाही ते कळलं असणार. त्यांनी चित्राकडे बघितलं, फरशीकडे बघितलं.

"नाय," ते म्हणाले. "शेत आठवायचं असलं तर डोळं मिटून बसलो असतो. ह्याच्याकडं बघताना दुसरं कायच आठवायचं नाय."

"आमीपन नाय?"

"तेवढा वेळ नाय," आबा म्हणाले. "उठलो की आठवायचात."

आता मी शाळेच्या मुलांना घेऊन सहलीला जाते, तेव्हा कुठल्याही संग्रहालयात शिरले की माझी नजर आधी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाते. तिथला माणूस कशाकडे बघतोय ते मी बघते. काहीजण घड्याळाकडे बघत असतात, काही मोबाइलमध्ये. पण कधीतरी एखादा, एखादी, भिंतीकडेच बघत असते, आणि मग मी मुलांना त्यांच्या नजरेसमोरून बाजूला करते. मुलांना कारण कळत नाही. मी सांगतही नाही.

दुपारी आम्ही कर्मचाऱ्यांच्या जेवायच्या खोलीत बसलो. आईनं फडकं सोडलं आणि सुकटीचा वास त्या गार, स्वच्छ इमारतीत असा काही पसरला की आबा कावरेबावरे झाले. त्यांच्या वरिष्ठ मॅडम वासाच्या मागावरच आत आल्या. जाड चष्मा, खादीची साडी. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धी भाकरी मागून घेतली. खाता खाता त्या आईला म्हणाल्या, "तुमच्या यजमानांसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही मला. दुसऱ्या दालनात बदली केली की दोन दिवस जेवायचे नाहीत. आणि कधी मोठी रजा नाही. दरवर्षी मी म्हणायचे, कापणीला आठ दिवस घरी जाऊन या. तर म्हणायचे, घरचं सगळं आमची मंडळी बघतात, मला तिथं काही काम नसतं."

मॅडमनी हे कौतुकानं सांगितलं, आबांचं आणि आईचंही. त्यांना काय ठाऊक, की दर कापणीला आबा घरी सांगत आले होते, रजा मिळत नाही म्हणून. आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. मग तिनं अजून थोडी चटणी मॅडमच्या ताटलीत वाढली आणि म्हणाली, "घ्या. आवडलेली दिसते तुमाला."

चार वाजता आबांना सोडलं. सहकाऱ्यांनी हार घातला, श्रीफळ दिलं. निघताना आबा एकटेच वर जाऊन आले. आम्ही जिन्याखाली थांबलो. एस.टी.त आई माझ्या शेजारी बसली, आबा मागच्या बाकावर, मांडीवर नारळ घेऊन.

पुढचे तीन दिवस घर कामात होतं आणि गप्प होतं. काकीनं बांधलेले भारे खळ्यावर आले, झोडणी झाली. आई आबांशी बोलायची, पण मोजकंच, आणि नेमकं तेवढंच जेवढ्यावाचून अडेल. जेवायला या. गोणी धरा. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावलेली नव्हती. ती काहीतरी जुळवत होती, आणि ते जुळत नव्हतं. बावीस वर्षं ती ज्या दुःखी माणसाची बायको होती तो माणूसच नव्हता, असं तिला वाटत असणार. हे मला आज शब्दांत मांडता येतं.

चौथ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. ती शांतता मागे ठेवून पेणला जाववेना. भात निघालेल्या खाचरात ओल असते तोवर आमच्याकडे वाल पेरतात. आई टोकदार काठीनं भोक पाडत पुढे चालली होती आणि मी मागून दोन दोन दाणे टाकून पायानं माती लोटत होते. आबा पाण्याची कळशी घेऊन आले, ती बांधावर ठेवली आणि तिथंच उभे राहिले.

"रजा मिळत होती," ते म्हणाले.

आईनं वर बघितलं नाही. "समजलं मला ते."

"पयल्या वर्सी आलो होतो कापनीला. आठवतं तुला? दोन दिस तू मला सावलीत बसवलंस. विळा धरला तर हातातून काढून घेतलास. येनारी-जानारी इचारायची, पाव्हनं कवा आलं म्हनून."

"तुमी दमून आलेलात."

"मी दमलो नव्हतो."

आईनं अजून एक भोक पाडलं. मी दाणे टाकले नाहीत. मला हलायची भीती वाटत होती.

"मग सांगायचंत," ती म्हणाली.

"काय सांगू? तू इथं चिखलात उभी. तुझं बोट मोडलेलं मला दिसत नव्हतं काय? तिथं मला बरं वाटतं, हे तुला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

आई थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "बावीस वर्सं मी तुमची कीव केली," ती म्हणाली. "रोज दिवा लावताना सांगायची, ह्या मानसाला तिथनं सोडव म्हनून."

"मी पन तेच सांगायचो. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? मला काय झालं होतं?"

"येकटीनं येवढं सगळं..."

"येकटीनं बरं व्हायचं," आई म्हणाली, आणि स्वतःच चपापली. मग जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते ती सावकाश, जपून सांगायला लागली. "कुठलं खाचर आदी कापायचं, कुनाला बोलवायचं, कुठलं बी ठेवायचं, कुनाला इचारायला लागायचं नाय. माझ्या मनासारखं व्हायचं. तुमी यायचात ते बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, जायचात तेपन बरं वाटायचं."

आबा बांधावर बसले. रागानं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं आणि ते दडवायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं.

"म्हंजे आपन दोघं बरेच होतो की," ते म्हणाले.

"व्हय. बरेच होतो."

दोघं वेगवेगळ्या दिशांना बघत राहिले. आई खाडीच्या बाजूला, आबा रस्त्याकडे. नुकतं लग्न ठरलेलं जोडपं पहिल्यांदा एकटं सापडावं तसे. मी अठरा वर्षांची मुलगी दोघांच्या मधे ओंजळीत वाल घेऊन उभी होते, आणि मला वाटलं, मी इथं असायला नको होतं. पण जायला वाट आईच्या बाजूनंच होती.

"आता काय करायचं?" आईनं विचारलं.

"आता येकत्र राहून बघू," आबा म्हणाले. "जमलं तर जमलं."

आई हसली. आधी नाकातून, मग उघड. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बघू की. पन आदी हा तुकडा पेरून घेऊ. ओल चाललीय." आणि तिनं हातातली काठी त्यांच्यापुढे धरली.

आबा खाचरात उतरले. चपला बांधावर काढल्या. पहिलं भोक पाडलं, आणि दुसरं त्याला जवळजवळ चिकटूनच.

"येवढं जवळ नको," आई म्हणाली. "एकमेकांच्या मुळात येतात."

ते एक पाऊल सरकले.

"अजून जरा."

ते अजून सरकले आणि काठी टेकवून तिच्याकडे बघत थांबले.

"हां," आई म्हणाली. "येवढं अंतर बरं हाय."